भट्टीसारखी नानकटाई घरच्या ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमधे) होईल का? मामांच्या पंचाहत्तरीसाठी पायजे

पंचगंगेकाठची

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचा आणि ज्यांना माहिती असेल त्यांनी सांगाच. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मामांची म्हणजे माझ्या सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. घरातलीच माणसं, भावकी, मामांचे तालमीतले मित्र असे धरून साठेक जण होतील. जेवण आचाऱ्याला दिलंय, त्याची काळजी नाही. पण येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात जाताना घरच्या चार नानकटाया द्यायच्या असं मी ठरवलंय आणि तिथंच अडलंय.

आमच्यात मे महिन्यात एकदा आणि दिवाळीआधी एकदा मंगळवार पेठेतल्या एका भट्टीतनं नानकटाई करून आणायची पद्धत होती. माल सगळा आपला, मैदा रवा साखर तूप, ते फक्त मळून भाजून द्यायचे, मजुरी किलोवर. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आदल्या दिवशीच सगळं मापून पिशव्या बांधून ठेवायच्या आणि मामा पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा घासून उन्हात वाळवून सायकलच्या कॅरेजला बांधून न्यायचे. मी लग्न होऊन २००९ ला आले, पहिल्याच दिवाळीला आत्या मला बरोबर घेऊन गेल्या होत्या. नंबर लावून अडीच तास बसलो होतो, पण पत्रा बाहेर आला की जो वास यायचा तो अजून नाकात आहे. आत्या पहिली गरम नानकटाई मोडून अर्धी मला द्यायच्या, अर्धी मामांना.

ती भट्टी लॉकडाऊनमधे बंद पडली ती पडलीच. आत्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मामा कधी काही मागत नाहीत, पण गेल्या दिवाळीला विकतची आणली तर एक उचलली, चहात बुडवली, खाल्ली आणि बशी बाजूला सरकवली. बोलले काही नाहीत. मला ते लागून राहिलंय.

आत्यांच्या वहीत त्यांच्या हातचं माप सापडलं. मैदा १ किलो, रवा पाव, साखर पाऊण, तूप पाऊण, वेलदोडे, सोडा चिमटभर. याच मापाने पाव भाग घेऊन केली. घरचं कढवलेलं तूप घातलं, जरा पातळच होतं, तर पत्र्यावर सगळ्याची मिळून एक पोळी झाली. दुसऱ्या वेळेला तूप कमी केलं तर टणक झाली, दात लागेना. तिसऱ्या वेळेला व्हिडिओ बघून बेकिंग पावडर एक मोठा चमचा घातली, फुगली, मग बसली आणि तोंडात पावडरची चव राहिली. ओटीजी २८ लिटरचा आहे, १८० वर १५ मिनिटं ठेवते, वर बोट लावून मऊ लागली की अजून पाच मिनिटं ठेवते.

तर मला विचारायचंय की चुकतंय कुठं, आत्यांचं माप चुकीचं असेल असं वाटत नाही. साठ जणांना पुरेल एवढी किती दिवस आधी करून ठेवता येईल, कारण पाऊस बघताय ना कसा लागलाय, घरात पापड पण मऊ पडलेत. आणि नणंद म्हणते मामांना शुगर आहे तर गुळाची कर, ते जमतं का?

बावड्याची_वैनी

ताई, तीन वेळा करून बघितलंत म्हणजे अर्धं काम झालंय, आता फक्त एकेक गोष्ट सुटी करून बघूया. मी सात-आठ वर्षं घरी करते, शेजारीपाजारी आणि पोरांच्या शाळेतल्या मैत्रिणींना, धंदा म्हणून नाही.

पहिली गोष्ट वजनकाटा घ्या. वाटी, कप असलं काही नको, आपल्याकडं चहाचा कप वेगळा, मापाचा कप वेगळा, मैदा दाबून भरला की तीस-चाळीस ग्रॅम इकडचं तिकडं. माझं माप असं आहे, मैदा २०० ग्रॅम, बेसन ५०, बारीक रवा २५, पिठीसाखर १२०, तूप १५०, सोडा पाव छोटा चमचा, दही एक छोटा चमचा, वेलदोडा पूड आणि जरासं जायफळ. बेसनाने खमंगपणा येतो आणि नानकटाई खुसखुशीत सुटते. दही एवढ्यासाठी की सोड्याला आंबट काहीतरी लागतं, नाहीतर तो तसाच राहतो आणि जिभेला साबणासारखा लागतो. बेकिंग पावडरीत ते आंबट आधीच घातलेलं असतं, पण तुम्ही मोठा चमचा घातलात, या मापाला छोटा अर्धा चमचा पण पुष्कळ झाला असता.

आता तूप. पातळ तूप अजिबात चालत नाही, ही तुमची पोळी होण्याची गोष्ट इथंच आहे. तूप रवाळ आणि थिजलेलं पाहिजे, लोण्यासारखं. म्हशीचं असेल तर बरं, दाणा चांगला धरतं. थिजलेलं तूप आणि पिठीसाखर हाताने किंवा बीटरने पाच-सात मिनिटं फेटायचं, रंग पांढरा होतो आणि हलकं लागायला लागतं, बोटाने उचललं की शेंडा उभा राहतो. या फेटण्यात जी हवा जाते तीच पुढं नानकटाई हलकी करते, सोडा नुसता मदतीला. मग चाळलेली पिठं घालून फक्त गोळा करायचा, मळायचं नाही. चपातीच्या कणकेसारखं मळलं की चिवट होऊन टणक होते.

गोळे २२ ग्रॅमचे करा, जरा चपटे करून मधे अंतर सोडा आणि ताटलीसकट अर्धा तास फ्रीजमधे. ओटीजी १७० वर बारा मिनिटं आधी तापवायचा, खालचा वरचा दोन्ही रॉड चालू, मधल्या खणात १६ ते १८ मिनिटं.

आणि हे महत्त्वाचं, गरम असताना नानकटाई मऊच असते. तूप पातळ असतं ना तोवर. तुम्ही बोट लावून मऊ लागली म्हणून पाच मिनिटं वाढवताय, दुसऱ्या वेळची टणक झाली त्यातलं निम्मं कारण हे असणार. कडा जरा बदामी दिसल्या की काढा आणि पत्र्यावरच वीस मिनिटं गार होऊ द्या, हात लावू नका, उचलायला गेलात तर चुरा होईल.

तुमचा ओटीजी खरंच १८० ला १८० असतो का ते पण बघा. माझा आधीचा वीस अंश जास्त तापायचा आणि मला वर्षभर कळलं नाही. साधी परीक्षा आहे, साखर साधारण १८६ अंशाला वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घालून १७५ ला लावून पंधरा मिनिटं ठेवा, वितळायला लागली तर तुमचा ओटीजी जास्त तापतोय. मग १९० ला ठेवून बघा, तिथं वितळायला पाहिजे.

गुऱ्हाळवाला_करवीर

गुळाचं मी सांगतो, आमच्या घरात तीन पिढ्या गुऱ्हाळ आहे. पण आधी स्पष्ट बोलतो, शुगरसाठी म्हणून गूळ करत असाल तर करू नका. गुळात पण बहुतेक सगळी साखरच असते, थोडं लोह खनिजं जास्त असतात इतकंच, रक्तातली शुगर दोन्हीनं वाढते. आमच्याकडं गिऱ्हाईक येतंय, गूळ चालतोय की म्हणतंय आणि किलो-किलो नेतंय, मला वाईट वाटतं. मामांना एक-दीड नानकटाई साखरेचीच द्या आणि त्या दिवशी जेवणात गोड कमी ठेवा, डॉक्टरांना विचारून. मन भरून खाल्लेली एक बरी.

चवीसाठी गूळ घालायचा असेल तर मात्र जरूर घाला, चव वेगळीच येते. आपल्या कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण म्हणून बाजारातला सगळा गूळ सारखा नसतो. एकदम पिवळाधमक, पांढुरका दिसणारा गूळ बऱ्याचदा हायड्रॉस पावडर, म्हणजे रसायन, टाकून उजळवलेला असतो. रानभेंडीच्या चिकाने मळी काढलेला गूळ जरा तांबूस, गडद असतो, दिसायला साधा पण वास बघा. शाहूपुरीत घ्यायला गेलात तर ढेप फोडून वास घेऊनच घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

नानकटाईला सगळा गूळ घालू नका. गूळ हवेतलं पाणी ओढतो, त्यात आत्ता पाऊस, दोन दिवसात चिकट मऊ होणार. निम्मी पिठीसाखर निम्मा गूळ असं करा. गूळ आधी बारीक किसून ताटात पसरून पंख्याखाली वाळवा किंवा मंद आचेवर कढईत नुसता कोरडा करा, मग मिक्सरला फिरवून चाळा. खडा राहिला की भाजताना तिथं वितळून भोक पडतं. आणि गुळाची नानकटाई लवकर लाल होते, आच १६० वर आणा.

गव्हाच्या पिठाचा गुळाचा केक मात्र पावसाळ्यात झकास होतो, तिथं गुळाचा ओलावा उपयोगाला येतो आणि गुळात जरा आंबटपणा असतो त्यानं सोडा पण चांगला उठतो. माझी बायको दर रविवारी करते, कणीक दोन वाट्या, किसलेला गूळ दीड वाटी, तेल पाऊण, दही एक वाटी, लागेल तसं दूध, सोडा अर्धा छोटा चमचा, बेकिंग पावडर एक छोटा, वर सुंठ आणि थोडे तीळ. गूळ दुधात गरम करून विरघळवायचा नाही, दूध फाटतं, कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा आणि मग दुधाऐवजी तेच पाणी धरायचं. हे मी तुमच्या कामाला येईल म्हणून नाही, मामांना रोजच्या चहाबरोबर कधी बारीक तुकडा म्हणून सांगितलं.

पेठकरीण

मी शिवाजी पेठेतली, पस्तीस वर्षं झाली करतो. ओटीजी आमच्यात आत्ता आत्ता आला, त्याआधी सगळं कुकरला आणि वाळूवर. ज्यांच्याकडं ओटीजी नाही त्यांनी हे वाचून नाराज होऊ नका म्हणून सांगतो, जाड बुडाचं जुनं पातेलं घ्यायचं, तळाला दोन बोटं मीठ, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं मोठ्या गॅसवर तापवायचं, मग ताटली ठेवून बारीक गॅसवर वीस मिनिटं. कुकर वापरलात तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढायचं, विसरायचं नाही. पण चांगला कुकर यात घालू नका, कोरडा तापून तापून खराब होतो. वरनं लाल होत नाही कारण वरचा जाळ नसतो, तळ मात्र चांगला भाजतो.

साठ माणसांना चार म्हणजे २४० नानकटाया. वैनींच्या मापात साधारण पंचवीस होतात, म्हणजे दहा पट. मैदा २ किलो, बेसन अर्धा, रवा पाव, पिठीसाखर १ किलो २००, तूप दीड किलो. २८ लिटरच्या ओटीजीत एका वेळेला बारा-पंधराच बसतात, सतरा-अठरा वेळा लावायला लागणार. एका दिवसात करायला जाऊ नका, सोळा अँपिअरचा प्लग नसेल तर वायर तापते ते वेगळं. तीन संध्याकाळी वाटून घ्या. पीठ एकदम मळू नका, प्रत्येक संध्याकाळी तेवढंच.

पाऊस म्हणून घाबरू नका. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाही, कोमट भरली की आतल्या आत घाम सुटतो. स्टीलचा घट्ट डबा, तळाला कागद, मधे कागद, वर कागद. पंधरा दिवस काही होत नाही. तरी मऊ पडलीच तर १४० वर पाच-सहा मिनिटं परत ठेवून गार करा, पहिल्यासारखी होते. पाकिटं मात्र आदल्या रात्रीच भरा.

एक विचारतो, आत्यांच्या मापात साखर पाऊण आणि तूप पाऊण आहे. वैनींच्या मापापेक्षा दोन्ही जास्त. आमच्या सासूबाई पण एवढंच घालायच्या आणि पसरायची नाही. मग काय?

भट्टीपाशी_वाढलेला

पेठकरीण काकींनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. माझे वडील बावीस वर्षं भट्टीवर होते, मंगळवार पेठेत नाही, दुसरीकडं, पण सगळीकडं काम तेच. शाळा सुटली की मी तिथंच, पत्रे पुसायचं काम माझं. म्हणून जे बघितलंय ते सांगतो.

ताई, आत्यांच्या वहीत तूप लिहिलंय ते साजूक तूप नसणार. त्या काळात भट्टीला न्यायच्या यादीत तूप म्हणजे वनस्पती तूप, डालडा. घरात साजूक आणि भट्टीला नुसतं तूप असंच बोलायचे लोक. माझ्या हातात दिवाळीच्या आधी शेकडो पिशव्या आल्यात, साजूक तूप आणणारी घरं बोटावर मोजण्याइतकी, आणि ती आली की वडील वेगळा पत्रा लावायचे कारण ती पसरते हे त्यांना माहीत होतं. डालडा खोलीत घट्ट राहतो, भाजताना हळू वितळतो, तोवर पीठ आकार धरून बसतं, म्हणून पाऊण किलो घालून पण नानकटाई उभी राहायची. साजूक तूप लवकर पातळ होतं. माप आत्यांचं बरोबरच आहे, वस्तू वेगळी.

दुसरी गोष्ट साखर. लोक साखर दाणेदार आणायचे, पण भट्टीत ती दळून घ्यायचे. तुम्ही वहीतली साखर दाणेदार घातली असेल तर ती भाजताना विरघळून पसरते आणि वर कडक पापुद्रा येतो.

तिसरी आच, आणि मला विचाराल तर सगळी चव इथं आहे. भट्टी लाकडाची. पहाटे पाव लागायचा, तेव्हा आच जबरदस्त. पाव निघाला की भट्टी काही तास तशीच सोडायची, नवीन लाकूड टाकायचं नाही. आतल्या विटा तापलेल्या असतात, त्या हळूहळू आच सोडतात. लोकांची नानकटाई त्या उतरत्या आचेला लागायची, दुपारी अकरा-बारानंतर. वडील हाताने बघायचे, तोंडाशी हात धरून आकडे मोजायचे, आठ-नऊपर्यंत हात टिकला तर नानकटाई, त्याआधी काढायला लागला तर अजून थांब. शेवटी रात्रभर टोस्ट आत वाळायला. म्हणजे नानकटाईला सुरुवातीला जरा जास्त आच आणि मग कमी कमी होत जाणारी मिळायची. ओटीजी काय करतो, तेवढीच आच धरून ठेवतो.

घरी असं करून बघा. १८० वर तापवा, पत्रा आत गेला की सहा मिनिटांनी १५० वर आणा आणि पुढं चौदा-पंधरा मिनिटं. एकूण वेळ जास्त लागेल पण आतपर्यंत कोरडी भाजते, मधे कच्चा पिठूळपणा राहत नाही आणि वर तडे पडतात तसेच पडतात. मी पुण्यात असताना खोलीवर असंच करायचो.

आता डालडा घ्या असं मी सांगत नाही. २०२२ च्या जानेवारीपासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटला, म्हणजे हृदयाला वाईट असलेल्या चरबीला, २ टक्क्यांची मर्यादा आलीय, म्हणजे आत्ताचं वनस्पती पहिल्यासारखं नाही, पण पंचाहत्तरीच्या माणसाला आणि त्यांच्या मित्रांना द्यायचंय तर साजूकच बरं. साजूक घ्यायचं तर माप बदलायला पाहिजे एवढंच. वैनींचं माप त्यासाठी योग्य आहे. फक्त एक, बेसन आमच्याकडं घालत नव्हते, मामांना ती जुनी चव पाहिजे असेल तर बेसनाच्या जागी मैदाच घ्या आणि रवा ५० करा, पीठ मळायच्या आधी तुपात अर्धा तास भिजवून. आत्यांच्या मापात रवा पाव किलो आहे बघा, तो उगाच नाही, दाताखाली जो बारीक रवाळपणा यायचा तो त्याचा.

फुगायला म्हणून बिस्किटाला बेकरीतला अमोनिया घालायचे, नानकटाईला सोडा. अमोनियाचं कुणी सांगितलं तर घरी नादाला लागू नका, पातळ बिस्किटातनं तो पूर्ण उडून जातो, जाडीला वास राहतो.

पंचगंगेकाठची

भट्टीपाशी दादा, तुमचं वाचून मी वही परत काढली. खाली कोपऱ्यात आत्यांनी पेन्सिलीने लिहिलंय "पिवळा डबा संपला, दुसरा आणणे". पिवळा डबा म्हणजे काय ते मला कळत नव्हतं, मी हळदीचा वगैरे समजत होते. मामांना जाऊन विचारलं तर म्हणाले डालड्याचा ग, तुझी आत्या त्या रिकाम्या डब्यात तुळस लावायची. बाहेर गच्चीवर अजून आहे तो डबा, गंजलाय, तुळस आहे त्यात. इतकी वर्षं मी त्या तुळशीला पाणी घालतेय.

आज संध्याकाळी केली. आधी साखरेची परीक्षा घेतली, १७५ ला लावलं तरी साखर वितळायला लागली, म्हणजे माझा ओटीजी दहा-पंधरा अंश जास्त तापतोय. म्हणून सगळं दहा अंश खाली धरलं. म्हशीचं तूप फ्रीजमधे वीस मिनिटं ठेवून थिजवलं, पिठीसाखर घालून हातानेच फेटलं, खांदा भरून आला पण पांढरं झालं तेव्हा खरंच बोटावर शेंडा उभा राहिला. अर्धी वैनींच्या मापाची बेसन घालून आणि अर्धी दादांची बिनबेसनाची, जास्त रव्याची. पत्रा आत गेल्यावर सहाव्या मिनिटाला आच उतरवली. आठव्या मिनिटाला काचेतनं बघत होते, वरनं आधी एक बारीक रेघ उमटली मग ती तीन बाजूंनी फाकली, फुलासारखी. मी पोरीला हाक मारली, दोघी ओटीजीसमोर खाली बसून बघत होतो.

पसरली नाही. एक पण नाही.

गार व्हायला वीस मिनिटं काढणं फार अवघड गेलं. मामांना दोन्ही प्रकार बशीत दिले, कुठली कुणाची ते सांगितलं नाही. बेसनाची खाल्ली, छान आहे म्हणाले. मग दुसरी हातात घेतली, मोडली, आणि अर्धी माझ्या पोरीच्या हातात दिली. अगदी आत्या द्यायच्या तशी. त्यांच्या लक्षात पण आलं नसेल. स्वतःची अर्धी चहात न बुडवता कोरडीच खाल्ली, सावकाश, आणि म्हणाले जवळ आलीयेस, पण हिचा तळ पांढरा आहे, भट्टीतल्याचा तळ लाल असायचा.

म्हणजे आता फक्त तळ राहिलाय. कसा आणू? खालचा रॉड एकटा चालू ठेवू का? नानकटाई उलटी करून बघितली तर खरंच तळ पिठासारखा फिकट आहे.

बावड्याची_वैनी

वाचून डोळ्यात पाणी आलं ताई. बेसन काढून टाका, मामांना पाहिजे तीच करा.

तळासाठी, तुम्ही पत्र्यावर बटर पेपर किंवा सिलिकॉनची चटई घालताय का? चटई असेल तर आधी ती काढा, ती आच अडवते.

भट्टीपाशी_वाढलेला

चटई तर काढाच. आणि पत्रा चकचकीत ॲल्युमिनियमचा असेल तर तो पण बदला, आमचे पत्रे वापरून वापरून काळे पडलेले असायचे आणि काळा पत्रा आच जास्त ओढतो. तुमच्या ओटीजीबरोबर जो काळा ट्रे आलाय तो चालेल, नाहीतर लक्ष्मीपुरीत काळे पत्रे मिळतील, मापून न्या, कडेला बोटभर हवा जायला जागा राहिली पाहिजे.

भट्टीत पत्रा तापलेल्या फरशीवर सरकवायचे, खालनं धग लगेच लागायची. घरी त्यासाठी एक रिकामा जाड ट्रे नाहीतर मातीचा तवा खालच्या खणात ठेवूनच ओटीजी तापवा, बारा नाही वीस मिनिटं. मग नानकटाईचा पत्रा त्याच्यावरच ठेवा. नुसता खालचा रॉड सुरुवातीपासून नको, वरचे तडे पडणार नाहीत. दोन्ही चालू ठेवून भाजा आणि शेवटची तीन मिनिटं फक्त खालचा. तुमचा ओटीजी जास्त तापतोय म्हणून पहिल्या पत्र्याला समोरच उभ्या राहा, एक कोपऱ्यातली उचलून तळ बघा, विटेसारखा रंग दिसला की काढा.

पेठकरीण

मातीचा तवा नवीन असेल तर आधी रात्रभर पाण्यात भिजवून, पूर्ण वाळवून मगच ओटीजीत घाला, नाहीतर तडकतो. आणि पहिला पत्रा झाला की तवा बाहेर काढू नका, आतच राहू दे, दुसरा पत्रा पहिल्यापेक्षा चांगला निघतो बघा.

पंचगंगेकाठची

चटईच होती. सिलिकॉनची, गुलाबी. काढली. मातीचा तवा आत्यांचाच आहे भाकरीचा, जुना, तोच घातलाय. शनिवारी परत करते, मामांनी सकाळीच विचारलं परत कधी करणार आहेस म्हणून.